ओंजळीतला मासा

पौषातल्या एका गार सकाळी, कोथरूडातल्या आमच्या घरी, खडकवासल्याहून नळाने आलेले ताजे पाणी मी घाईने थेट माशांच्या काचेच्या टाकीत ओतले, आणि घटकाभरातच काचेवर, पाणवनस्पतींवर व गोल्डफिशच्या परांवर खसखशीएवढे रुपेरी बुडबुडे चिकटलेले पाहिले, तेव्हा हे बुडबुडे त्या जिवांस बाधतील काय, आणि बाधलेच तर अजाणतेपणी घडलेल्या त्या हिंसेचा दोष मजकडे येतो काय, असे दोन प्रश्न एकदमच मनात उभे राहिले.

पहिल्याचा निवाडा पदार्थविज्ञान करते. टाकीतल्या हवेच्या पंपाच्या सच्छिद्र दगडातून उसळणारे बुडबुडे निरुपद्रवी असतात. ते वर जाऊन पृष्ठभाग ढवळतात व त्यायोगे प्राणवायूची देवघेव सुलभ होते. अपाय करतो तो दृष्टीस न पडणारा, विरघळलेला वायू. शून्य अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ८.३, नायट्रोजनचीही तीच रीत. म्हणून नळातून दाबाखाली आलेले गार पाणी घरात ऊबदार झाले की त्यातला वायू अतिरिक्त ठरतो, कल्ल्यांवाटे रक्तात शिरतो आणि तेथे बुडबुड्यांच्या रूपाने प्रकट होऊन केशवाहिन्या तुंबवतो; क्वचित डोळाही बाहेर येतो. काचेवरचे बुडबुडे ह्या मामल्यातले केवळ साक्षीदार होत.

दुसरा प्रश्न अवघड. जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे लक्षण सांगताना प्राणहानीला प्रमादाची जोड दिली आहे, आणि हेतूच्या शुद्धतेने माझी घाई पुसली जात नाही, हे मला कबूल करावे लागते. त्यातही एक गोष्ट विशेष टोचते : नदीतला मासा अशा पाण्यात सापडला तर तळाकडे जाऊ शकतो, आणि तेथल्या दाबाने वायू विरघळलेलाच राहतो, हातभर उंचीच्या टाकीत त्याला हा आसरा उरत नाही. तो आपण हिरावून घेतला, म्हणून त्याची भरपाई जाणतेपणाने करणे आपल्याच शिरी येते. शतपथ ब्राह्मणातल्या मनूच्या हाती आलेल्या मत्स्याने, मला आधी घागरीत ठेव, मग खड्ड्यात, मग समुद्रात ने, असे स्वमुखाने सांगितले होते; माझ्या माशांस वाचा नाही.

तेव्हापासून पाणी बदलायचे असेल त्याच्या आदल्या रात्री मी दोन बादल्या भरून पंपाचा दगड त्यांत सोडून ठेवतो, कारण त्याच्या मोठ्या बुडबुड्यांबरोबर जादा वायू निघून जातो. आणि सकाळी ओतण्यापूर्वी हात बुडवून, मनगटाच्या लवेवर एखादा रुपेरी कण चिकटतो की काय, हे पाहतो.