प्रभूने मागितलेले पाणी



गेल्या आठवड्यात घरच्या आजारी वडीलधाऱ्यांना घेऊन आम्ही परळच्या एका इस्पितळातून परतत होतो. संध्याकाळची वेळ. दादरला विरार गाडीत कसेबसे चढलो. एका हाताने त्यांना धरलेले, दुसऱ्या हातात एक्स-रेचा लिफाफा. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटला टेकलेला एक तरुण उठला आणि म्हणाला, "बैठिए चाचाजी." वसई रोड येईपर्यंत तो गर्दीत उभाच होता.

खरे सांगायचे, तर आम्हांला आनंदाआधी संकोच वाटला. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आम्हीच कितीदा म्हटले आहे, बाहेरच्या लोकांनी गाड्या भरल्या, आपल्याला पाय ठेवायला जागा उरली नाही! तो मुलगा त्याच 'बाहेरच्यां'पैकी होता.

द्यायला आपण वसईकर मागे नाही. परक्याकडून घेताना मात्र मान अवघडते. प्रभू येशूची तशी अवघडली नाही. संत योहानांच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात तो भर दुपारी, वाटचालीने थकून, याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. विहीर खोल, आणि पाणी काढायला त्याच्याजवळ पोहरा नाही. यहुदी लोक शोमरोन्यांशी भांड्यापाण्याचा व्यवहार ठेवीत नसत. तरी तो शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. तिलाच नवल वाटते. तिने पाणी दिले की नाही, हे संत योहान सांगत नाहीत. एवढे मात्र सांगतात की, गावकऱ्यांनी आग्रह केला आणि प्रभू दोन दिवस त्यांच्याकडे राहिला. त्या दोन दिवसांत त्यांच्या घरचे अन्न त्याने खाल्लेच असेल ना?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद पडल्या. मुंबईतून चालत निघालेल्यांना ठिकठिकाणी अनोळखी लोकांनी पाणी दिले, चहा-बिस्किटे दिली. त्या रात्री चहाचा पेला हाती घेताना आपण कोणाला विचारले होते, तू कुठल्या गावचा? आपल्यालाही कोणी विचारले नाही.

गाडीतल्या त्या तरुणाचे नाव आम्ही विचारायला हवे होते. उतरण्याच्या धांदलीत साधे आभारही राहून गेले. येत्या मंगळवारी पुन्हा तपासणीला जायचे आहे, परतीची गाडी तीच. दिसला, तर विचारू.