एक सड वासराचा

मागच्या महिन्यात तालुक्याच्या गावी अभ्यासवर्ग होता. विषय शोषण. मी जमेल तसं बोललो. सालगडी, त्याचं साल, मालकाच्या वहीतलं कधीच न फिटणारं कर्ज. श्रम एकाचे, वरकड दुसऱ्याची. बोलून खाली बसलो तर मागच्या रांगेतला एक कॉलेजचा पोरगा उठला. म्हणाला, "काका, तुम्ही सकाळी डेअरीला दूध घालून मग इथं आलात. ते दूध वासराचं. मग तुम्ही कोण? मालकच ना?"

पोरं हसली. मीही हसलो. पण परतीच्या बसमधे बसलो आणि हसू आटलं. पोरगं टवाळीनं बोललं असेल, प्रश्न टवाळ नव्हता. त्याचं उत्तर त्याला देणं लागतो, म्हणून हे लिहितोय.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. उदगीरकडचा मुलूख. जमीन दोन एकर, तीही गायरानातली. १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह लढवला. तिथून धीर घेऊन मराठवाड्यात आपल्या माणसांनी माळ फोडले. माझ्या बापानंही फोडला. गाव म्हणायचं, "म्हारांनी गाईचं गवत खाल्लं." आणि तीच गाय मेली की ओढायला बोलावणं आमच्याच वस्तीत यायचं. जिवंतपणी गाय त्यांची, मेल्यावर आमची. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. आमच्या निजामी मुलखातल्या वस्तीत ते मुरायला वेळ लागला. धर्मांतरानंतर माझ्या आज्यानं दोर टाकला. गावानं मजुरी बंद केली, वाट अडवली. आज्यानं दोर पुन्हा उचलला नाही.

अशा घरात मी जिवंत गाय आणून बांधली. देवणी. अंग पांढरं, तोंड काळं, म्हणजे वानेरा. सगळं अंग पांढरं असलं की आमच्याकडं बाळंक्या म्हणतात, काळे ठिपके असले की शेवरा. देवणी दोन्ही कामाची. गाय दूध देते, गोऱ्ह्याचा बैल होतो. दूध बेताचं. माझी गाय भरात असली तरी दोन्ही वेळचं मिळून चार-साडेचार लिटर. पण कडब्यावर निभावते, ऊन सोसते. सुरुवातीला डेअरीवर आमचं दूध शेवटी मापायचे. आता मापतात रांगेनं. कॅनमधे ओतल्यावर कुणाचं कुठलं ते कुणाला सांगता येतंय?

आता प्रश्न. बसमधे मला सुचलेलं पहिलं उत्तर असं होतं. मी तिला पोसतो. उन्हाळ्यात पाणी वाहतो, कडबा विकत घेतो, ती व्याली त्या रात्री मी उशाशी बसून होतो. तेव्हा दुधात माझा वाटा आहेच.

उत्तर बरोबर वाटलं. मग कानात आवाज आला तो माझा नव्हता. बापाला त्याचा मालक असंच म्हणायचा, "मी तुला पोसतो." पोसण्याचा हिशेब मांडणारा तोच, वही त्याची, माप त्याचं. ज्याला पोसलं त्याला विचारायचं नाही. दोस्तांनो, मी आयुष्यभर ज्या वाक्याशी भांडलो तेच वाक्य माझ्या तोंडात होतं.

तुमच्यातले काही म्हणतील, काका, माणूस आणि ढोर यांची तुलना कशाला? आपल्याला ढोरासारखं वागवलं म्हणून तर भांडलो. बरोबर आहे. मीही गाय आणि सालगडी एक धरत नाही. सालगडी साल मोडू शकतो, शहर गाठू शकतो, युनियन करू शकतो. गाईला यातलं काही नाही. पण म्हणून तिचा हक्क कमी होतो का वाढतो? ज्याला मागता येत नाही त्याचं काहीच देणं नाही, हा कायदा कुणाचा? आपल्याबद्दलही हेच म्हणायचे. त्यांना कुठं काय पाहिजे, ते कुठं काय मागतात?

मग मी वही काढली. आमच्याकडं रीत आहे, एक सड वासराचा. देशी गाय वासरू लुचल्याशिवाय पान्हा सोडत नाही. म्हणून आधी वासरू सोडायचं, पान्हा आला की ओढून बांधायचं, तीन सड पिळायचे, एक ठेवायचा. लोक हे पुण्य म्हणून सांगतात. मीही सांगत होतो.

हिशेब असा. वासरू जन्मतं वीस-बावीस किलोचं. पहिले दोन-अडीच महिने त्याला रोज वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं दूध लागतं. म्हणजे दोन लिटर, आणि वाढेल तसं जास्त. साडेचार लिटरात एका सडाचा वाटा लिटरभर. त्यातही गोम आहे. कासेच्या मागच्या दोन सडांत दूध जास्त असतं, पुढच्यांत कमी. आणि आपण वासराला ठेवतो तो पुढचा! कुणी शिकवलं? कुणीच नाही. हात आपोआप मागच्या सडांकडं जातो.

म्हणजे ज्याला मी दया म्हणत होतो तो पोटाला निम्मा घास होता. वासरू मरत नाही, खुरटतं. बलुत्याच्या पसाभर दाण्यावर आपण असेच जगत होतो. मेलो नाही, एवढाच मालकाचा पुरावा.

तेव्हापासून माझ्या दावणीचा नियम बदलला. व्याल्यावर चीक आधी वासराला. खरवस होईल तो उरलेल्या चिकाचा. पहिले दोन महिने दोन सड वासराचे, त्यातला एक मागचा. ते वैरण खायला लागलं की एक. माझं दूध घटलं. बायको म्हणाली, "अवो, पोरीची फी वासरू भरणार हाय का?" तिचं म्हणणं खोटं नाही. माझ्या पोटाची बाजू मी लपवत नाही. दूध सोडायला मी तयार नाही. पण घेणारा मी असलो तर मोजायला सुरुवात त्याच्या पोटापासून, माझ्या कॅनपासून नाही.

दुसरी गोष्ट दुधापेक्षा जड आहे. वासरू जन्माला घालतो कोण? गाय माजावर आली की डॉक्टरला फोन मी करतो. नऊ महिने नऊ दिवसांनी जे अंगणात पडतं ते माझ्या फोननं पडतं. कालवड झाली तर घर हसतं. गोऱ्हा झाला तर? जर्सी संकराचे गोऱ्हे मी पाहिलेत. ना वशिंड, ना उन्हात टिकाव. बैल म्हणून कुणी घेत नाही, मग दुधावाचून खुंट्याला मरतात. त्याला कुणी हत्या म्हणत नाही. देवणीचा गोऱ्हा जगतो, कारण तो जुवाखाली चालतो. पण हेही काळजात टोचतं. उपयोग आहे तोवर जीव. ट्रॅक्टर आला, गोऱ्ह्याला गिऱ्हाईक घटलं. मग?

गाय आई आहे म्हणणारे इथं मदतीला येत नाहीत. १९७६ च्या कायद्यानं गाय कापायला बंदी केली, मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हातारं जनावर विकता येत नाही आणि त्याच्या वैरणीला आईचे भक्त पेंढी आणून टाकत नाहीत. २०१६ साली गुजरातेत उनाला मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून मारलं. तिथले आपले लोक म्हणाले, गाईचं शेपूट तुम्हीच ठेवा, आम्हाला जमीन द्या. मी त्यांच्या बाजूचा आहे. गाईला आई म्हणून माणूस मारायचा, हे माझ्या डोक्यात बसत नाही. आणि यंत्र समजून पिळायची, हेही आता बसत नाही.

म्हणून मागच्या श्रावणात गाय माजावर आली तेव्हा फोन केला नाही. दावणीला दोन गोऱ्हे होते, त्यांचं ठरत नव्हतं. एकवीस दिवसांनी पुन्हा आली, तोही माज जाऊ दिला. दरम्यान गोऱ्हे कोळप्याला शिकवले. नांगरट ट्रॅक्टर करतो, पण उभ्या सोयाबीनच्या तासात कोळपं अजून बैलच ओढतो. आता ते माझं करून दुसऱ्यांचंही रोजानं करतात. मगच गाय भरवली. ज्याच्या वैरणीची सोय नाही तो जीव जन्माला घालायचा नाही, एवढंच मला जमलं. म्हाताऱ्या बैलांचं काय, ते उद्या माझ्याच दारात उभं राहणार आहे. ते ओझं माझं.

एक सांगायचं राहिलं. माझी पहिली गाय दोन वर्षांपूर्वी मेली. गावातला एकजण म्हणाला, "आता तुझी तूच वढ. सवय हाय की तुमाला." मी आणि माझ्या पोरानं बांधावर खड्डा घेतला. कमरेला दोर बांधून तिला तिथवर आणलं. दोर हातात घेताना आजा आठवला. त्याची शपथ मी मोडली का? रात्रभर हाच विचार. सकाळी वाटलं, आज्यानं टाकला तो दुसऱ्याच्या मेलेल्या जनावराचा दोर, गावानं गळ्यात घातलेला. मी धरला तो मी बांधलेल्या, मी दूध काढलेल्या गाईचा. दोर तसाच दिसतो, पण तो नाही. मला तरी तसं वाटतं.

मागच्या रांगेतल्या पोरा, तू विचारलंस मी कोण. होय, गाईपुरता मी मालक आहे. तो शब्द मला कडू लागतो, पण नाकारला तर हिशेब कोण देणार? माझा हिशेब वर मांडलाय. चूक असेल तिथं बोट ठेव आणि पुढच्या अंकाला लिही. नाहीतर एक दिवस पहाटे ये, वासरू सोडायच्या वेळेला.

जय भीम.