निदान: शोध की निर्णय?

माझ्या पुतण्याची मुलगी सोळा वर्षांची आहे. पाळी दोन-दोन महिने येत नाही म्हणून गेल्या पावसाळ्यात तिची सोनोग्राफी झाली आणि अहवालात ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी’ हे शब्द आले. इंदूरच्या आमच्या घरात त्या दिवशी कोणी मोठ्याने बोलले नाही. वहिनींनी एवढेच विचारले, “हे पुढे लग्नाच्या वेळी सांगायचे का?”

आपल्या भाषेत ‘निदान’ म्हणजे रोगाची ओळख आणि ‘निदान’ म्हणजे कमीत कमी. या विकाराच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकत्र येतात, असे मला वाचनान्ती वाटले. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल या डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या निरीक्षणावरून तो वर्णिला. ज्यांस ‘सिस्ट’ म्हटले गेले, त्या वस्तुतः वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजपुटिका होत. २००३ साली रॉटरडॅम येथे तज्ज्ञांनी तीन लक्षणे ठरविली: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीत दिसणारे बीजकोशाचे विशिष्ट रूप. यांपैकी कमीत कमी दोन हवीत. शिवाय थायरॉइड, प्रोलॅक्टिन इत्यादींचे दोष नाहीत, हे आधी पाहावयाचे. तेव्हा एका बीजकोशात बारा पुटिका पुरेशा मानल्या गेल्या. यंत्रे सूक्ष्म झाली आणि २०१८ साली ती संख्या वीसवर नेण्यात आली. पंधरा पुटिकांची स्त्री काहीही उपचार न घेता त्या निकषापुरती निर्दोष ठरली!

मी नोकरीत असताना उत्पन्नाच्या दाखल्यांवर सह्या केल्या आहेत. मर्यादेहून थोडक्या रुपयांनी अधिक कमावणाऱ्या बापास परत पाठविताना, ही रेषा मी आखलेली नाही, या विचाराने मी निर्धास्त असे. रेषा आखावीच लागते, हे आजही मान्य. परंतु ती माणसांनी आखलेली आहे, हे समोरच्याला सांगण्याचे कर्तव्य सही करणाऱ्याचे नव्हते काय?

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी ते केले. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार किशोरवयात सोनोग्राफी निदानासाठी धरीत नाहीत, कारण त्या वयात असे चित्र निरोगी मुलींतही आढळते. पहिली दोन्ही लक्षणे असावी लागतात. आमच्या मुलीच्या रक्तातील संप्रेरकांचे प्रमाण योग्य होते. अंगावर राठ केसही नव्हते. तेव्हा बाईंनी ‘संभव आहे, पुन्हा तपासू’ असे लिहिले. पाळीकडे मात्र दुर्लक्ष नको, हेही बजावले.

“मग मला नेमके काय झाले आहे?” मुलीने विचारले. “ते अजून ठरलेले नाही,” बाई म्हणाल्या. आम्हां वडीलधाऱ्यांना हे उत्तर पचले नाही, तिला पचले.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी दिले. सांगायचे की नाही, केव्हा आणि कोणाला, हे तिचे तिने ठरवावे. कागद आता तिच्याच कपाटात असतात.