गर्भिणीचे श्रम आणि अपत्याचें आरोग्य

गर्भिणीनें कसें वागावें हें सांगणारांची आपल्याकडे कधींच वाण नव्हती. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत तिची महिनेवार परिचर्या सांगितली आहे, व घरोघरच्या वडीलधाऱ्या बायकांनीं तींत आपापली भर घातली आहे. आतां ह्या उपदेशास आधुनिक शास्त्राचेंही पाठबळ मिळालें आहे. १९८९ सालीं डेव्हिड बार्कर व त्यांचे सहकारी ह्यांनीं इंग्लंडांतील हर्टफर्डशायर परगण्याच्या जुन्या नोंदी तपासून असें दाखविलें कीं, जन्मतः कमी वजन असलेल्या पुरुषांत पुढें हृद्रोगानें मरणारांचें प्रमाण अधिक होतें. २०२० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें, प्रकृतीची अडचण नसल्यास गर्भिणीनें आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम व्यायाम करावा, असें सुचविलें. त्यानें गर्भावस्थेंतील मधुमेहाचा धोका कमी होतो. आणि त्या मधुमेहाचा संबंध अपत्याच्या पुढील स्थूलतेशीं आढळला आहे.

येथपर्यंत सर्व सरळ दिसतें. परंतु पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या पाहणींत निराळेंच चित्र दिसलें. शेतकाम, पाणी भरणें, घरकाम ह्यांचा भार ज्या मातांवर अधिक, त्यांचीं अर्भकें सरासरीनें लहान भरलीं. एकीस जें औषध, तेंच दुसरीस अपाय कां व्हावें? कारण उघड आहे. व्यायाम पोटभर अन्नानंतर आपखुषीनें होतो व थकवा येतांच थांबवितां येतो. राबणें अर्धपोटीं होतें व दुसऱ्याच्या इच्छेनें थांबतें.

म्हणूनच ‘हें मातेचें कर्तव्य’ असें म्हणून हात झटकणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. जेथें निवड नाहीं तेथें कर्तव्यही नाहीं. शिवाय ह्या शास्त्राचे निष्कर्ष समूहाच्या सरासरीचे आहेत. एखाद्या आजारी मुलाच्या आईस दोष देण्यास त्यांचा आधार घेणें हा तर्कदोष तर आहेच, पण क्रूरपणाही आहे.

मुंबई इलाख्यानें १९२९ सालीं प्रसूति-लाभाचा कायदा केला. २०१७ च्या दुरुस्तीनें नोकरदार स्त्रियांची पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. रोजंदारीवर शेतांत राबणारीच्या पदरांत मात्र ती पडली नाहीं. सुशिक्षित घरांतही सुनेनें सायंकाळीं फिरावयास जावें असें वाटत असेल, तर त्या वेळीं चुलीपाशीं दुसऱ्या कोणीं तरी, आणि तो नवरा कां नसावा, उभें राहिलें पाहिजे. अपत्य जर कुळाचें व समाजाचें, तर त्याच्या आरोग्याचा भारही दोघांनीं उचलावा. गर्भिणीस चालण्याचा उपदेश करणारानें आधीं तिच्या डोक्यावरची घागर उतरवून घ्यावी.