आज्ञा कोणाची, खर्च कोणाचा?

‘आयजीच्या जिवावर बायजी उदार’ ही म्हण आपण घरात हसत वापरतो. राज्यकारभारात मात्र तिच्यामागे एक गंभीर नैतिक प्रश्न उभा असतो: जो आज्ञा देतो, त्याने तिचा खर्चही सोसावयास नको काय?

परदेशीपुऱ्यातील गिरणी कामगारांच्या जुन्या वस्तीत नळाला येणारे पाणी नर्मदेचे आहे. जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटरचा प्रवास करीत, विंध्याचा चढ चढून ते इंदुरास पोहोचते. पाणी पुरविणे हे १९५६च्या अधिनियमानुसार महापालिकेचे अनिवार्य कर्तव्य. ते चढविण्याचे वीजबिलही तिचेच. विजेचा दर ठरविणे मात्र तिच्या हाती नाही. हा भार हलका व्हावा म्हणून जलूदच्या सौरऊर्जा प्रकल्पासाठी तिला २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे रोखे काढावे लागले. उलट, जकात राज्याने १९७६ मध्येच रद्द केली. हक्काच्या उत्पन्नाच्या जागी भोपाळहून येणारे भरपाईचे अनुदान आले. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून अठरा विषयांची यादी दिली. पण त्यांसाठी अधिकार आणि कर किती सोपवावेत, हे राज्यांच्या मर्जीवर राहिले.

मग पैसा नसेल तर आज्ञाच देऊ नये काय? तसेही म्हणता येत नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्धचा २०१३चा कायदा पालिकांच्या तिजोऱ्या भरण्याची वाट पाहत थांबला असता, तर ती लाजेची गोष्ट ठरली असती. मनुष्याच्या प्रतिष्ठेसाठी दिलेली आज्ञा थांबू शकत नाही. आणि म्हणूनच ती देणाऱ्याचे दायित्व अधिक. न दिलेला पैसा नाहीसा होत नाही, तो कुणाकडून तरी वसूल होतो. वरून आलेला भार पालिका ठेकेदाराकडे सरकविते, ठेकेदार रोजंदारीवरील सफाई कामगाराकडे. त्याच्याखाली भार सरकवावयास कोणीच उरत नाही.

या साखळीतून आपणही सुटत नाही. २०१७ पासून स्वच्छतेत लाभलेल्या पहिल्या क्रमांकाचा आपण अभिमान बाळगतो. घरपट्टी वाढताच मात्र कुरकुरतो. तीही उसनी उदारताच.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू करताना महापालिकांच्या बुडालेल्या करांची भरपाई, तिच्या वार्षिक वाढीसह, कायद्यानेच बांधून दिली. अनुदान ही मेहेरबानी न राहता देणे झाले. प्रत्येक नव्या कर्तव्यासोबत त्याचा खर्च आणि तो देणाराही त्याच कायद्यात नमूद व्हावा, एवढीच अपेक्षा आहे. पुण्य आपल्या नावे लिहून घ्यावयाचे असेल, तर त्याचे मोलही आपल्याच गाठीचे असावे.