मऊ ब्रेक आणि कायक
बाराव्या शतकात, कर्नाटकातील कल्याणमधील (आजचे बसवकल्याण) उलथापालथीनंतर, लिंगायत संत, म्हणजेच शरण, चन्नबसवण्णा उत्तर कन्नडमधील उळवीला आले. त्यांची समाधी तेथेच आहे. शरणांच्या कायकविचारात प्रामाणिक श्रम हीच पूजा. मग घाट उतरणाऱ्या जुन्या व्हॅनचा मऊ ब्रेक घरी दुरुस्त करणे पूजेत मोडते का? मोडते, पण सचोटी असेल तरच. पेडल वारंवार दाबल्यावर टणक होत असेल, तर बहुधा ब्रेकच्या नळीत हवा शिरलेली असते. हवा दाबली जाते, ब्रेकचे तेल जवळजवळ दाबले जात नाही. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल, तर गळती किंवा मास्टर सिलिंडरचे झिजलेले रबर शोधावे. नुसते तेल ओतून गळती झाकणे ही कायकाशी प्रतारणाच. तिची किंमत प्रवासी मोजतात. जुने तेल ओलावा शोषते आणि तापल्यावर त्यात वाफ होते, म्हणून ते बदलून हवा काढावी. पेडल पहिल्याच दाबात टणक होईपर्यंत व्हॅन रस्त्यावर आणू नये.