पुण्याची वजावट

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आदिलाबादच्या बाजारपेठेत नव्या वह्यांची पूजा होते. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, एका बाजूला शुभ आणि दुसऱ्या बाजूला लाभ. दुकान मारवाड्याचे असो, तेलुगू सावकाराचे असो की आपल्या मराठी माणसाचे, ही रीत सगळीकडे एकच. मी एका जिनिंग फॅक्टरीत ३१ वर्षे हिशेब लिहिला. त्यामुळे वहीची पूजा पाहिली की माझ्या मनात दरवर्षी एकच प्रश्न येतो. कोऱ्या वहीला हात जोडणे सोपे आहे. भरलेल्या वहीपुढे आपण हात जोडू शकतो का?

या प्रश्नाला निमित्त झाले ते एका रात्रीचे. २००८ सालचा पावसाळा. आमचे गाव बेला भागातले, पैनगंगेच्या अलीकडचे. सूनबाईंना अवेळी कळा सुरू झाल्या. बाहेर पाऊस, नाल्याला पाणी. पूर्वीचा काळ असता तर बैलगाडी जुंपून देवाचे नाव घ्यायचे, एवढेच हाती होते. मुलाने १०८ नंबर फिरवला. समोरच्या माणसाने तेलुगूत गाव विचारले, खुणा विचारल्या आणि थोड्या वेळाने नाल्याच्या पलीकडे गाडीचा दिवा दिसला. आम्ही सूनबाईंना बाजेवर घालून नाला ओलांडला. पहाटे जिल्ह्याच्या दवाखान्यात नातू झाला. त्या गाडीने एक पैसा घेतला नाही.

ही १०८ ची सेवा हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ रोजी सुरू झाली आणि ती उभी करणाऱ्या गृहस्थांचे नाव बी. रामलिंग राजू, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक झाले ते पाच-सहा महिन्यांनी, आणि तेही भलत्याच कारणाने.

राजूंची कारकीर्द आपल्याकडच्या अनेकांना तोंडपाठ होती. गोदावरी जिल्ह्यातल्या भीमावरम भागातले शेतकरी घराणे, विजयवाड्याला बी.कॉम., अमेरिकेतल्या ओहायोत एम.बी.ए. १९८७ साली हैदराबादेत मूठभर माणसांनिशी त्यांनी संगणकाची कंपनी काढली आणि नाव ठेवले ‘सत्यम’. सन २००० च्या आसपास साऱ्या जगाला जुनी संगणक प्रणाली दुरुस्त करून घ्यायची घाई झाली, तेव्हा अशा कंपन्यांचे नशीब फळफळले. २००१ साली सत्यमचा शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात गेला. २००८ पर्यंत कंपनी आपली माणसे ५३ हजार असल्याचे सांगत होती. आदिलाबाद, निर्मल, मंचिर्यालच्या घराघरांत ‘पोरगा सत्यममध्ये लागला’ हे वाक्य सरकारी नोकरीच्या तोडीने उच्चारले जाई. सप्टेंबर २००८ मध्ये तर उत्तम कारभाराबद्दल कंपनीला सुवर्ण मयूराचा पुरस्कारही मिळाला.

आणि ७ जानेवारी २००९ रोजी राजूंनी संचालक मंडळाला पत्र लिहिले. कंपनीच्या ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटींची रोकड व बँकशिल्लक अस्तित्वातच नाही, अशी कबुली त्यात होती. इतर रकमा धरून खड्डा ७,१३६ कोटींचा. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत कामकाजातला नफा ६४९ कोटी दाखवला होता. खरा नफा ६१ कोटी. त्या एका दिवसात शेअर १७९ रुपयांवरून ४० रुपयांवर आला. पत्रात त्यांनी वाघावर बसलेल्या माणसाची उपमा दिली होती. उतरावे तर वाघ खाणार. दरी सुरुवातीला किरकोळ होती, वर्षानुवर्षे वाढत गेली, असेही त्यांनी लिहिले होते.

ती दरी बुजवण्याचा शेवटचा प्रयत्न त्याआधी तीन आठवडे झाला होता. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमने राजूंच्याच घराण्याच्या दोन ‘मेटास’ कंपन्या १६० कोटी डॉलरला घ्यायचे ठरवले. कागदावरच्या खोट्या पैशाने खरी मालमत्ता विकत घ्यायची, म्हणजे खोटे आपोआप खऱ्यात जिरेल, असा तो बेत. गुंतवणूकदारांनी ओरड केली आणि काही तासांत व्यवहार गुंडाळावा लागला. मेटास हे नाव इंग्रजी अक्षरांत उलटे वाचले की सत्यम होते. सत्य उलटे लिहून त्याचीही कंपनी काढता येते, हे पाहून मी बराच वेळ वर्तमानपत्र हातात धरून बसलो होतो.

पुढचे बहुतेकांना आठवत असेल. सरकारने नवे संचालक नेमले आणि पुण्यात बस्तान असलेल्या टेक महिंद्राने एप्रिल २००९ मध्ये कंपनी घेतली, म्हणून हजारो पोरांच्या नोकऱ्या वाचल्या. ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू, त्यांचे भाऊ आणि इतर आठ जणांना दोषी ठरवले. त्यांत हिशेब तपासणारे दोन लेखापरीक्षकही होते. राजूंना ७ वर्षांची कैद आणि दंड झाला. पुढच्याच महिन्यात अपिलात शिक्षेला स्थगिती मिळून ते जामिनावर सुटले.

पण मला सांगायचे आहे ते जानेवारी २००९ मधल्या आमच्या गावच्या पाराबद्दल. तिथे दोन तट पडले होते. एकाचे म्हणणे, ‘या माणसाने किती जीव वाचवले! त्याला देव माफ करील.’ दुसऱ्याचे म्हणणे, ‘चोराची गाडी ती. तिचे कसले पुण्य?’ कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणाले, ‘मुनीमजी, तुमच्या नातवाला विचारा.’ सगळे हसले. मला हसू आले नाही.

मी आयुष्यभर जे शिकलो त्यातून मला उत्तर सुचले ते असे. खतावणीत प्रत्येकाचे खाते वेगळे असते. गणपतचे मला हजार रुपये येणे आहे आणि सखारामला माझे हजार रुपये देणे आहे, म्हणून मी दोन्ही रकमा एकमेकींतून वजा करून पान बंद करू शकत नाही. माणसे वेगळी, खाती वेगळी. राजूंनी ज्यांना फसवले ते भागधारक आणि कर्मचारी. ज्यांना वाचवले त्या नाल्यापलीकडच्या बाळंतिणी. माझ्या सूनबाईंची कृतज्ञता हे खरे नाणे आहे, पण ते नाणे घेऊन राजू भागधारकांचे कर्ज फेडू शकत नाहीत. उलट, त्यांच्या ताळेबंदातल्या खोट्यामुळे माझ्या नातवाचा जन्मही खोटा ठरत नाही. शिवाय गाडीचा चालता खर्च बहुतांश सरकारच देत होते आणि राजू गेल्यावर दुसऱ्या उद्योगसमूहाने हात दिला म्हणून ती सेवा थांबली नाही. चांगले काम करणाऱ्यापासून सुटून स्वतःच्या पायावर चालू शकते. माणसाला मात्र आपल्या वाईट कामापासून तसे सुटता येत नाही.

पारावर मी एवढे सांगितले आणि लोकांना ते पटले. मला मात्र घरी जाऊन झोप आली नाही. कारण ही वजावट मी स्वतः १७ वर्षे करत आलो होतो.

१९९१-९२ चा कापसाचा हंगाम. फॅक्टरीच्या फाटकात रात्री उशिरापर्यंत गाड्या लागलेल्या. डोळ्यांवर झोप, आणि मी एका गाडीचे ९ क्विंटल आवक वहीत दोनदा चढवले. पैसे एकदाच दिले गेले, म्हणून रोकड जुळली. साठ्यात मात्र नसलेला कापूस उभा राहिला. चूक दुसऱ्या दिवशीच कळली. मालकाला सांगितले असते तर दोन शिव्या खाव्या लागल्या असत्या, बस. मी विचार केला, कापूस वाळतो, वजनात घट येते. थोडीथोडी जास्त घट लिहून हे ९ क्विंटल जिरवून टाकू. पण घटीवर मालकाची नजर होती. आणि एक खड्डा झाकायची सवय लागली की पुढच्या लहानसहान चुकाही त्याच खड्ड्यात पडतात. हंगाम संपला, मोजणी झाली, तेव्हा २७ क्विंटल कमी भरले.

संशय रात्रीच्या राखणदारावर गेला. पोलीस नाही, चौकशी नाही. गरीब, तेलुगू माणूस, मालकाची भाषा धड येत नाही. त्याचा हिशेब न करता त्याला काढून टाकले. मी त्या वेळी तिथेच, गादीवर बसलो होतो. माझ्या मांडीवर वही होती. मी मान खाली घालून काहीतरी लिहीत राहिलो.

त्यानंतर मी त्याच्या मुलाच्या शाळेची फी भरली. पुस्तके घेऊन दिली. आयटीआयला घालायला मदत केली. त्या घरी मला देवमाणूस समजत. आणि मी मनातल्या मनात एका बाजूला २७ क्विंटल आणि दुसऱ्या बाजूला फी मांडून, आता फिटले असेल, आता फिटले असेल, असे म्हणत होतो. आकड्यांतच बोलायचे तर ते केव्हाच फिटले होते. पण त्या माणसाचे मी घेतले होते ते पैसे नव्हते; त्याचे नाव घेतले होते. नावाचे खाते फीच्या पैशाने कसे मिटणार?

इथे मला एका नॉर्वेच्या अधिकाऱ्याची गोष्ट आठवते. ओलाव फ्येल हे तिथल्या स्टॅटऑइल या सरकारी मालकीच्या तेल कंपनीचे प्रमुख. कंपनीने इराणात काम मिळवण्यासाठी एका सल्लागार संस्थेशी दीड कोटी डॉलरचा करार केला होता. तो पैसा लाच म्हणून आहे, असा संशय सप्टेंबर २००३ मध्ये उघड झाला आणि पोलीस चौकशी लागली. फ्येल यांच्यावर वैयक्तिक आरोपपत्र नव्हते. तरी त्यांनी राजीनामा दिला, अध्यक्षांनीही दिला. २००४ साली कंपनीला २ कोटी क्रोनरचा दंड झाला. फ्येल पुढे दुसऱ्या कंपन्यांचे प्रमुख झाले. त्यांच्या मनात काय होते हे मी सांगू शकत नाही. पण खुर्ची सुटली ती आरोप सिद्ध होण्याची वाट न पाहता. आपल्याकडे लालबहादूर शास्त्रींनी हेच अधिक निर्मळपणे केले. १९५६ साली आपल्याच महबूबनगरजवळ पूल खचून रेल्वे अपघात झाला तेव्हा त्यांनी राजीनामा पुढे केला. तो नाकारला गेला. त्याच वर्षी अरियालूरला अपघात झाल्यावर मात्र ते पायउतार झाले. रूळ त्यांनी उखडले नव्हते. जबाबदारी ही दोषाच्या आधी येते, नंतर नव्हे, एवढेच त्यांनी दाखवले. राजूंनी कबुली दिली ती सारे मार्ग बंद झाल्यावर. आणि मी? माझ्यावर तर कुणाचा संशयही नव्हता.

त्या जानेवारीतच मी राखणदाराच्या गावी गेलो. तो म्हातारा झाला होता, एका डोळ्याने दिसत नव्हते. खाटेवर बसवून त्याने पाणी दिले. मी सगळे सांगितले, मोडक्यातोडक्या तेलुगूत. त्याने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘निजमेना, सारू?’ खरेच का?

तेलुगूत सत्यम हा शब्द पोथीतला. रोजच्या बोलण्यात खऱ्याला म्हणतात निजम. तो आपल्याच ‘निज’ या संस्कृत शब्दावरून आलेला. निज म्हणजे स्वतःचे. जे स्वतःचे म्हणून पुढे होऊन उचलता येते, तेच खरे. त्या दिवशी दोन भाषांत राहण्याचा हा उपयोग मला कळला.

मी म्हणालो, ‘निजमे.’ तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मला सांगून काय होईल, सारू? मी चोरी केली नाही हे मला ठाऊकच होते. माझ्या पोराला सांगा. त्याला शाळेत पोरे चोराचा मुलगा म्हणायची.’

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. ज्याची फी मी भरली होती त्याच्यासमोर, त्याच्या बायकोसमोर आणि शेजारच्या चार माणसांसमोर मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. तो मला कधी उलटून बोलला नव्हता, त्या दिवशीही बोलला नाही. उठून बापाच्या शेजारी जाऊन बसला. मला बसस्टँडवर सोडायला कोणी आले नाही, आणि तेच योग्य होते.

म्हातारा पुढे दोन वर्षे जगला. त्याने मला माफ केले की नाही, हे मी विचारले नाही. ते त्याच्या खात्यातले आहे. माझा नातू आता कॉलेजात जायला लागला आहे. यंदा लक्ष्मीपूजनाला तो नव्या वहीवर स्वस्तिक काढील. त्याला मी ही गोष्ट सांगितली आहे. ती त्याने या पानांवर पुन्हा वाचावी, म्हणून लिहिली. चूक झाली तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी सांग, बाबा. त्या वेळी तिची किंमत दोन शिव्या असते.